लिश्टेनटालच्या शताब्दीपासून गीतसभेपर्यंत

आपल्या धर्मग्रामात विवाहाचा विधी चालू असता गायकवृंदाच्या सज्जातून शूबर्टचे 'आवे मारिया' ऐकू आले नाही, असे क्वचितच घडते. ते ऐकून वृद्धांचे डोळे पाणावतात, आणि हे गीत उपासनेसाठीच रचिले गेले असावे, अशी बहुतेकांची समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. व्हिएन्नाच्या फ्रान्ट्स शूबर्टने १८२५ साली हे गीत रचिले, ते सर वॉल्टर स्कॉट यांच्या 'द लेडी ऑफ द लेक' या इंग्रजी काव्यातील एका प्रसंगाच्या जर्मन भाषांतरावर. पित्यासह गुहेत आश्रय घेतलेली एलन नावाची तरुणी पवित्र कुमारी मरियेचा धावा करिते, असा तो प्रसंग आहे. लॅटिन प्रार्थनेचे शब्द त्या चालीवर मागाहून बसविले गेले. मूळ गीत देवळासाठी नव्हते. ते एक मानवी कंठ आणि एक पियानो यांच्यासाठी, चार स्नेही जमतील अशा दिवाणखान्यासाठी लिहिलेले होते.

एक कंठ आणि एक पियानो, एवढ्याच सामग्रीवर तास-दीड तास श्रोत्यांस बसवून ठेवणारी जी सभा पाश्चात्त्य देशांत आज रूढ आहे, तिला 'रिसायटल' असे म्हणतात. आम्ही तिला येथे गीतसभा म्हणू. महोत्सवाच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, या कलेचा उगम शोधीत गेल्यास आपण एका धर्मग्रामाच्या महोत्सवापाशीच येऊन पोहोचतो.

व्हिएन्ना शहराच्या तटाबाहेर हिमेलप्फोर्टग्रुंड नावाची एक साधी वस्ती होती. त्या नावाचा अर्थ 'स्वर्गद्वाराची भूमी' असा होतो. तेथील एका शाळामास्तरांच्या घरी ३१ जानेवारी १७९७ रोजी शूबर्टचा जन्म झाला, आणि दुसऱ्याच दिवशी लिश्टेनटाल येथील चौदा साहाय्यक संतांच्या देवळात त्याचा बाप्तिस्मा झाला. त्या देवळाचे गायकप्रमुख मिखाएल होल्झर यांनी बाळ फ्रान्ट्सला गायन, ऑर्गन आणि स्वररचनेचे पहिले पाठ दिले. जे नवे शिकवावे ते या मुलास आधीच येत असते, असे होल्झर कौतुकाने सांगत, अशी आख्यायिका आहे. पुढे तो राजदरबाराच्या उपासनामंदिरात गायकबालक झाला आणि सालिएरीसारख्या नामांकित गुरूंपाशी शिकला. तथापि लिश्टेनटालचा सज्जा तो विसरला नाही.

१८१४ साली लिश्टेनटालच्या देवळाची शताब्दी आली. त्या उत्सवासाठी सतरा वर्षांच्या शूबर्टने एफ मेजर स्वरातील संपूर्ण मिस्सासंगीत रचिले. धर्मग्रामातीलच तेरेझे ग्रोब या मुलीने त्यातील उंच स्वराची एकलगीते गायिली. शताब्दीसाठी राजधानीतील कोणा मोठ्या संगीतकारास पाचारण न करिता त्या लोकांनी आपल्याच मास्तरांच्या मुलास हे काम दिले, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. पुढे शूबर्टने आपले सी मेजरमधील मिस्सासंगीत छापविले, तेव्हा ते होल्झर यांना अर्पण केले.

त्याच शरद ऋतूत, १९ ऑक्टोबर १८१४ रोजी, त्याच मुलाने एक गीत लिहिले. शब्द महाकवी गटे यांच्या 'फाउस्ट' नाटकातील होते. ग्रेट्शेन नावाची मुलगी चरखा चालविताना आपल्या प्रियकराचे स्मरण करीत आहे. पियानोच्या उजव्या हातात चरख्याचे चाक अखंड फिरत राहते. चुंबनाची आठवण होताच चाक थांबते. मग एकदा, दोनदा अडखळून ते पुन्हा फिरू लागते. गाणारी मुलगी जे बोलत नाही, ते पियानो सांगतो. त्यापूर्वीही जर्मन भाषेत पुष्कळ गाणी रचिली गेली होती, आणि त्यांतही पियानो किंवा तत्सम वाद्य होते. परंतु बहुधा ते गळ्याला आधार देणाऱ्या काठीसारखे. येथे वाद्य दुसरे पात्र होऊन बसले. जाणते लोक जर्मन कलागीताचा आरंभ या गीतापासून मोजतात, तो याच कारणाने.

धर्मगुरू या नात्याने एक गोष्ट नमूद केल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही. कवितेच्या शब्दाशब्दाला जपणाऱ्या या संगीतकाराने आपल्या सर्व लॅटिन मिस्सासंगीतांत, क्रेदोमधील 'एक, पवित्र, कॅथलिक व प्रेषितीय ख्रिस्तसभा' यांविषयीचे शब्द गाळिले आहेत. याचे कारण काय, यावर विद्वानांत एकमत नाही. आम्ही न्यायाधीश होऊ इच्छीत नाही. एवढेच म्हणतो की, ज्या गाण्यांनी लाखो जीवांना प्रार्थनेकडे वळविले, त्यांचा कर्ता आपल्यासारखाच गुंतागुंतीचा माणूस होता.

गीत तर जन्मास आले. पण ते गावयाचे कोठे? प्रकाशक त्याची गाणी छापण्यास तयार नव्हते. अखेर १८२१ साली मित्रांनी वर्गणी जमवून त्याची पहिली गीते छापविली. त्याच वर्षी ७ मार्च रोजी, राखेच्या बुधवारी, व्हिएन्नाच्या नाट्यगृहात धर्मादाय निधीसाठी जलसा झाला. त्यात योहान मिखाएल फोगल या ख्यातनाम नाट्यगायकाने शूबर्टचे 'एर्लक्योनिग' गायिले आणि श्रोत्यांनी ते पुन्हा गावयास लाविले. फोगल शूबर्टहून अठ्ठावीस वर्षांनी वडील; क्रेम्सम्युन्स्टरच्या बेनेडिक्टीन मठाच्या शाळेत शिकलेला, उंचापुरा आणि रंगभूमीवर नाव मिळविलेला पुरुष. शूबर्ट ठेंगणा, चष्मा लावणारा, संकोची. या विजोड जोडीने १८२५च्या उन्हाळ्यात उत्तर ऑस्ट्रियातील गावोगावी हिंडून गाणी ऐकविली. फोगल गातो आणि आपण साथ करितो, तेव्हा दोघे एकच झाल्यासारखे होतात आणि लोकांस ते अगदी नवे वाटते, अशा आशयाचे शूबर्टने आपल्या भावास कळविले आहे. गीतसभेची याहून नेमकी व्याख्या आम्हांस ठाऊक नाही.

मित्रमंडळींच्या घरी भरणाऱ्या या बैठकांना 'शूबर्टियाड' असे नाव पडले. पुढे १८६८ साली चित्रकार मोरित्स फोन श्विंट याने अशा एका बैठकीचे स्मरणचित्र काढिले: फोगल पियानोशेजारी बसून गात आहे, शूबर्टचे हात पट्ट्यांवर आहेत, आणि भोवती स्त्रीपुरुषांची दाटी झाली आहे. १८२७ साली शूबर्टने 'विंटरराइझे', म्हणजे 'हिवाळी प्रवास', हा चोवीस गीतांचा संग्रह रचून स्वतः गाऊन दाखविला, तेव्हा त्यातील काळोखाने हे जिवलग मित्रही गोंधळून गेले. एकास त्यातील एकच गीत आवडले. म्हणजे, मूठभर प्रेमळ श्रोत्यांनाही एका दमात एवढे दुःख ऐकण्याची सवय नव्हती.

सार्वजनिक जलशांची रीत तर अगदीच निराळी होती. एका संध्याकाळी वाद्यवृंद, व्हायोलिन, समूहगायन, नाट्यगीते आणि त्यांच्या फटीत एखाददुसरे गीत, अशी सरमिसळ असे. शूबर्टने २६ मार्च १८२८ रोजी केवळ स्वतःच्या रचनांचा एकमेव सार्वजनिक जलसा केला. त्यातही तंतुवाद्यांची चौकडी होती, पियानोसह त्रयी होती, समूहगीते होती आणि त्यांच्यामध्ये फोगलने गायिलेली गीते होती. त्याच सुमारास व्हायोलिनवादक पागानीनी व्हिएन्नात अवतरल्यामुळे वृत्तपत्रांना शूबर्टकडे पाहावयास सवड झाली नाही. १९ नोव्हेंबर १८२८ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, तो परलोकवासी झाला. मागे सहाशेहून अधिक गीते राहिली.

'रिसायटल' हा शब्द प्रथम गाजला तो गळ्यासाठी नव्हे, तर पियानोसाठी. १८४० साली फ्रान्ट्स लिस्ट याने लंडनमधील आपल्या एकट्याच्या पियानोवादनाच्या जाहिरातीत तो छापविला. हा शब्द कविता म्हणून दाखविण्यास लावीत. पियानोवर कोणी काय म्हणून दाखविणार, असे लोकांना नवल वाटले. परंतु एकाच कलावंताने संपूर्ण सभा तोलून धरावी, ही कल्पना रुजली.

गीताच्या बाबतीत ती धीटपणे अमलात आणिली युलिउस श्टॉकहाउझेन या गायकाने. शूबर्टची 'डी श्योने म्युलरिन' ही वीस गीतांची माला १८२३ची. पाणचक्कीवर कामास राहिलेला तरुण चक्कीवाल्याच्या मुलीवर प्रेम करितो, निराश होतो आणि ओढ्याच्या कुशीत विसावतो, अशी तिची कथा आहे. ती पाच भागांत छापली गेली होती आणि लोक तिच्यातील सुटी गीते गात. श्टॉकहाउझेनने मे १८५६मध्ये व्हिएन्नात ती सबंध, पहिल्यापासून विसाव्या गीतापर्यंत, जाहीर सभेत गायिली. रचनेनंतर तेहतीस वर्षे लोटली होती. कर्ता जाऊन सत्तावीस वर्षे झाली होती. १८६१ साली हँबुर्गमध्ये तरुण योहानेस ब्राम्सला पियानोवर घेऊन त्याने रोबर्ट शूमानची 'डिख्टरलीबे' ही मालाही सबंध गायिली. शूमानची विधवा पत्नी क्लारा, जी स्वतः युरोपातील अग्रगण्य पियानोवादक होती, तिनेही त्यास साथ दिली. त्या काळी अशा सभांत मधूनमधून नुसत्या पियानोच्या रचना घालून श्रोत्यांस विसावा देण्याची चाल होती. अखंड ऐकण्याची शक्ती समाजाच्या अंगी एका दिवसात आली नाही. ती अशा टप्प्याटप्प्यांनी कमवावी लागली.

आता अशा सभेची आखणी कशी करितात, तेही थोडक्यात पाहू. आपल्याकडील मैफलीत गवई रागाचा विस्तार तेथल्या तेथे करितो आणि तबलजी ठेका धरितो. येथे गायक व वादक या दोघांचेही सर्व स्वर आधी लिहिलेले असतात. स्वातंत्र्य उरते ते श्वास, वजन, गती आणि शब्दोच्चार यांत. म्हणून पहिली पायरी गाण्याची नसून वाचनाची आहे. हूगो वोल्फ याने १८८८ साली म्योरिके या कवीच्या कवितांची त्रेपन्न गीते केली. ग्रंथाच्या नावात कवीला मान दिला, आणि गीत गाण्यापूर्वी ती कविता मोठ्याने वाचून दाखविण्याची त्याची रीत होती. गुरुविद्यालयात आम्हांस थोडेबहुत ग्रेगोरियन गान शिकविले गेले, तेव्हा आमचे वृद्ध गुरुजीही स्तोत्र आधी नुसते म्हणावयास लावीत. स्वर लावण्याची घाई करणाऱ्यास ते खाली बसवीत. त्याचा अर्थ आम्हांस पुष्कळ वर्षांनी उमगला.

दुसरी पायरी स्वराची. एकच गीत उंच, मध्यम व खालच्या गळ्यासाठी निरनिराळ्या पट्ट्यांत छापलेले मिळते. गायकाने आपल्याला पेलेल ते घ्यावे. मात्र सबंध माला गावयाची असल्यास एका गीताची पट्टी उतरविताना शेजारच्या गीताशी असलेला तिचा संबंध तुटणार नाही, हे वादकासह बसून ठरवावे लागते. तिसरी पायरी क्रमाची. मिश्र सभेत साधारणतः वीसएक गीते चार-पाच गटांत मांडितात. एक गट एका कवीचा किंवा एका रचनाकाराचा. एकाच गतीची आणि एकाच भावाची गीते लागोपाठ ठेवीत नाहीत. अतिशय अवघड गीत आरंभी ठेवीत नाहीत, कारण गळा आणि श्रोते दोन्ही तोवर थंड असतात. 'विंटरराइझे'ला सुमारे सव्वा तास लागतो आणि ती बहुधा मध्यंतराविना गातात.

बारीकसारीक गोष्टीही ठरलेल्या असतात. पियानोच्या बाजूला जो वळणदार खळगा असतो, तेथे गायक उभा राहतो, म्हणजे वादकाला त्याचा श्वास दिसतो वा ऐकू येतो. कवितांचे शब्द व भाषांतर छापून श्रोत्यांस देतात. गीत चालू असता पान उलटण्याची पाळी येऊ नये, अशी छपाई सुज्ञ आयोजक करून घेतात, कारण तीनशे कागदांची सळसळ नाजूक स्वराला मारून टाकिते. टाळ्या प्रत्येक गीतानंतर नव्हे, तर गट संपल्यावर. 'डिख्टरलीबे'च्या अखेरीस गायकाचे शब्द संपतात आणि पियानो बराच वेळ एकटाच बोलत राहतो. त्या वेळी गायकाने नुसते उभे राहावयाचे असते. गाणे संपल्यावर स्तब्ध कसे राहावे, हे गाण्याइतकेच कष्टाने शिकावे लागते.

पियानोवर बसणाऱ्यास मात्र दीर्घकाळ न्याय मिळाला नाही. कित्येक जाहिरातींत त्याचे नाव बारीक अक्षरांत असे. ही स्थिती पालटण्यास इंग्लंडचे जेरल्ड मूर यांनी जन्म वेचिला. १९४३ साली त्यांनी साथीदाराच्या कामाचा निःसंकोच अभिमान सांगणारे पुस्तक लिहिले. १९६२च्या आत्मवृत्ताला तर 'माझा आवाज फार मोठा होतो का?' या अर्थाचे मिस्कील नाव दिले. २० फेब्रुवारी १९६७ रोजी लंडनमध्ये त्यांच्या निरोपाची सभा झाली. त्या काळचे तीन श्रेष्ठ गायक, एलिझाबेथ श्वार्ट्सकोफ, व्हिक्टोरिया दे लोस आन्हेलेस आणि डीट्रिश फिशर-डीस्काउ, त्यांच्यासाठी गायिले. शेवटी सर्वजण बाजूस झाले आणि मूर यांनी एकट्याने शूबर्टचे 'संगीतास' हे गीत पियानोवर वाजविले. आयुष्यभर दुसऱ्याच्या श्वासाबरोबर श्वास घेणाऱ्या माणसाने घेतलेला तो निरोप होता.

परंतु गीतसभेची खरी कसोटी आम्हांस दुसऱ्याच एका पुरुषाच्या चरित्रात दिसते. रोलंड हेज यांचा जन्म १८८७ साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, पूर्वी गुलामगिरीत असलेल्या मातेच्या पोटी झाला. कृष्णवर्णी गायकाची गीतसभा भरविण्यास व्यावसायिक आयोजक धजेनात. तेव्हा १९१७ साली हेज यांनी बॉस्टनचे सिंफनी हॉल स्वतः पैसे भरून भाड्याने घेतले, पत्रे लिहून तिकिटे विकली आणि सभा यशस्वी केली. पुढे ते युरोपात गेले. पहिल्या महायुद्धानंतरच्या त्या वर्षांत, ऱ्हाइन प्रांतात फ्रान्सने कृष्णवर्णी सैनिक ठेविल्यामुळे जर्मनीत वर्णद्वेष भडकलेला होता. बर्लिनच्या सभेत हेज व्यासपीठावर येताच श्रोत्यांनी फूत्कार सुरू केला. ते पियानोच्या खळग्यात हात जोडून, डोळे मिटून, स्तब्ध उभे राहिले. कोलाहल ओसरेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग ठरलेला क्रम बाजूस सारून त्यांनी शूबर्टचे 'डू बिस्ट डी रू' हे शांतीचे, विसाव्याचे गीत अतिशय हळू स्वरात आरंभिले. सभा जिंकली गेली. ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. गीतांचा क्रम लावणे ही केवळ रुचीची बाब नव्हे, कधी तो चारित्र्याचा प्रश्न असतो, हे तिच्यावरून कळते. आणि तेच हेज आपल्या सभांत शूबर्ट व ब्राम्स यांच्यासमवेत आपल्या पूर्वजांची दास्यकाळातील भक्तिगीते त्याच अदबीने, त्याच पोशाखात, पियानोवर गात असत.

आता आपल्या घराकडे वळू. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी उपासनासंगीताविषयी आदेश काढिला, त्यात देवळात पियानो वाजविण्यास मनाई केली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वाद्यांविषयीचे नियम पुष्कळ बदलले आहेत. तरीही त्या आदेशामागील विचार ध्यानात ठेवण्याजोगा आहे: उपासनेत संगीत हे प्रार्थनेच्या शब्दांचे सेवक असावे. गीतसभेची जागा देऊळ नव्हे, ती सभागृहाची वस्तू आहे. पण शब्दाची सेवा हा धडा तिने देवळाच्या सज्जातूनच उचलिला आहे. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांस स्वरलिपी व व्हायोलिन शिकविले जाई, आणि त्यांतूनच पुढे मुंबईच्या वाद्यवृंदांना व चित्रपटसंगीताला कित्येक कुशल वादक लाभले. होल्झरमास्तर काही लिश्टेनटाललाच जन्मले नाहीत.

महोत्सव समितीने परवा आम्हांस कार्यक्रमाचा मसुदा दाखविला. स्वागत, भाषण, गीत, अहवाल, गीत, सत्कार, भाषण, गीत, असा तो होता. पाहुणे व्यासपीठावर चढेपर्यंतचा वेळ भरून काढण्यास गीत, हे आम्ही ओळखिले. कारण गेली पंचवीस वर्षे आम्ही स्वतःच असे मसुदे मंजूर करीत आलो आहोत. हा लेख लिहिताना आम्हांस त्याची लाज वाटली. १८२८ साली शूबर्टची गीते जशी इतर गोष्टींच्या फटीत बसविली गेली, तशीच आम्ही आमच्या मुलामुलींची बसविली. सबब समितीस आमची विनंती अशी की, सत्कार व भाषणे आवरती घेऊन त्या संध्याकाळी एक सलग अर्धा तास राखून ठेवावा. आपल्याच धर्मग्रामातील एका कंठाने गावे, एकाने सभागृहातील जुना पियानो वाजवावा. दोघांचीही नावे सारख्याच अक्षरांत छापावीत. शब्द श्रोत्यांच्या हाती द्यावेत. आणि शेवटचा स्वर विरेपर्यंत कोणीही खुर्ची सरकवू नये, पुढच्या रांगेतील आम्हां धर्मगुरूंनीही नाही.

सज्जात ज्यांनी वर्षानुवर्षे आमच्या पाठीमागे उभे राहून गायिले व वाजविले, आणि ज्यांचे तोंडही मिस्सा अर्पिताना आम्हांस दिसले नाही, त्या दिवंगत गायकशिक्षकांचे या महोत्सवप्रसंगी आम्ही कृतज्ञतेने स्मरण करितो. प्रभू त्यांना चिरशांती देवो.